काढलेला भाग हातात देणारे दुकान

पुण्यात घरगुती विद्युत उपकरणे दुरुस्त करून देणाऱ्यांची वानवा नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपास वायर, कपलर, कपॅसिटर, हीटिंग कॉइल असे सुटे सामान विकणारी दुकाने दाटीवाटीने उभी आहेत, आणि जिथे सामान मिळते तिथे ते बसवून देणारे हातही गोळा होतातच. अवघड असते ते असा कारागीर सापडणे, जो वस्तू उघडल्यावर नेमके काय बिघडले होते ते सांगतो, काढलेला भाग परत देतो आणि वस्तूवर खर्च करण्यात अर्थ उरला नसेल तर तसे तोंडावर बोलून दाखवतो. याच परिसरातल्या एका दुकानात या तिन्ही गोष्टी नियमाने होतात, आणि होऊ नयेत अशाही काही गोष्टी होतात. गेली काही वर्षे आमच्या घरातली आणि नातेवाइकांकडची बिघडलेली उपकरणे मी तिथेच नेत असल्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे. दुकानाचे नाव मात्र देत नाही, कारण मालकांनीच ते नको म्हणून सांगितले. “आहे तेच काम आवरत नाही, ताई. नाव छापलंत तर जुनी गिऱ्हाइकं माझ्यावर उखडतील,” असे त्यांचे म्हणणे आहे, आणि दुकानातली गर्दी पाहता ते खोटे नाही.

दुकान एका शटरच्या रुंदीचे आहे. डाव्या भिंतीला छतापर्यंत फळ्या, आणि त्यांवर मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन आणि इंडक्शनच्या शेगड्या. प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली असते आणि तिच्यावर गिऱ्हाइकाचे आडनाव, मोबाइलचे शेवटचे काही आकडे आणि तक्रार एवढेच लिहिलेले असते. तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत उतरवून घेण्याची इथली पद्धत मला फार आवडते. ‘घूं करतो, फिरत नाही’, ‘मधेच थांबतो’, ‘हात लावला की झिणझिण्या’ अशा त्या चिठ्ठ्या असतात. ‘मोटर गेली आहे’ असे स्वतःच निदान करून येणाऱ्याला मालक शांतपणे म्हणतात, “मोटर मी बघतो हो, तुम्हाला काय दिसलं ते सांगा.” जळका वास आला होता का, आवाज आधी बदलला की एकदम बंद पडला, शेवटचे काय वाटायला घेतले होते, ते गरम होते की गार, असे प्रश्न विचारून झाल्याशिवाय ते स्क्रूड्रायव्हरला हात लावत नाहीत. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना हा वेळकाढूपणा वाटतो. परंतु निम्मे निदान याच चौकशीत होते, हे दोन-तीनदा तिथे उभे राहिले की कळते.

प्रश्न संपले की वस्तू सिरीज बोर्डावर जाते. ज्यांनी हा बोर्ड पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका लाकडी फळीवर जुन्या पद्धतीचा शंभर किंवा दोनशे वॅटचा पिवळा बल्ब बसवलेला असतो आणि वीज त्या बल्बातून जाऊन मगच समोरच्या सॉकेटात येते. बिघडलेल्या उपकरणात आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, त्यामुळे फ्यूज उडत नाही. आत मोटर असेल आणि तिची वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, शाबूत असेल तर बल्ब मंद पेटतो. तो पेटलाच नाही तर वायर, स्विच किंवा फिरत्या मोटरीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे यांपैकी कुठेतरी जोड तुटलेला आहे. इस्त्री किंवा गीझर लावला तर मात्र बल्ब चांगलाच उजळतो, कारण हीटिंग कॉइलचा रोध मुळातच कमी असतो. तो प्रकाश शॉर्टचा की कॉइलचा, हे मीटरने तपासावे लागते. हजारो रुपयांची यंत्रे नसताना एका बल्बावर एवढे ओळखता येते, आणि गिऱ्हाइकालाही ते समोर दिसते. काउंटरच्या आड नेऊन ताकास तूर न लागू देता परत आणून देण्याचा प्रकार इथे नाही.

आमचा मिक्सर साडेसातशे वॅटचा आहे. चटणी वाटताना तो मधूनच बंद पडू लागला होता. तळाचे लाल बटण दाबले की पुन्हा सुरू होई, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राने तो उघडून पाहिला आणि मोटर बदलावी लागेल असे सांगून जो आकडा लिहून दिला, तो नव्या मिक्सरच्या निम्म्या किमतीच्या जवळ जाणारा होता. तोच मिक्सर या दुकानात सिरीज बोर्डावर लावला तेव्हा बल्ब मंद पेटला आणि मोटर सुरळीत फिरली. मालकांनी मोटर तशीच बाजूला ठेवली आणि मी सोबत नेलेले चटणीचे भांडे उचलले. भांडे उलटे करून त्याच्या बुडाशी असलेला, भांडे मोटरीला जोडणारा कपलर त्यांनी बोटाने फिरवला. तो फिरेना. दुसऱ्या, मोठ्या भांड्याचा कपलर बोट लावताच गरकन फिरला. “हे असं फिरायला पाहिजे,” एवढेच ते म्हणाले.

पाते ज्या दांड्यावर बसते तो दांडा भांड्याच्या बुडातल्या एका पितळी बुशमधून, म्हणजे छोट्या नळीतून, खाली येतो. वरून रबरी सील असते. सील झिजले की वाटणाचे पाणी बुशमध्ये उतरते, तिथे मीठ, चिंच आणि खोबऱ्याचे तेल यांचा थर बसतो आणि दांडा आवळला जातो. मोटर बिचारी चांगली असली तरी अडकलेला दांडा फिरवताना ती जास्त वीज ओढते, आणि तिला जळू न देण्यासाठी बसवलेला ओव्हरलोड स्विच आपले काम करून तिला बंद पाडतो. म्हणजे लाल बटण वर येणे हा दोष नव्हता, ती सूचना होती. आणि ज्या भागाने मोटर वाचवली त्याच भागाकडे बोट दाखवून सेवा केंद्राने मोटर बाद ठरवली होती. दुकानात काम करणाऱ्या मालकांच्या पुतण्याने बुश ठोकून काढला, नवा बसवला, दांडा आणि सील बदलले. नंतर मालकांनी मोटरीच्या दोन्ही बाजूंचे कार्बन काढून माझ्या तळहातावर ठेवले. नव्या कार्बनच्या तुलनेत ते तिसऱ्या हिश्श्याइतकेच उरले होते. कार्बन आखूड झाले की मागची स्प्रिंग त्यांना मोटरीच्या दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, म्हणजे कॉम्युटेटरवर, नीट दाबू शकत नाही, ठिणग्या उडतात, पट्ट्या काळ्या पडतात आणि जळका वास येतो. त्या पट्ट्या बारीक पॉलिशपेपरने घासून, मधल्या फटींतली काजळी काढून, नवे कार्बन बसवून मिक्सर हातात आला. सगळा खर्च एका कुटुंबाच्या साध्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी झाला, आणि काढलेला बुश, दांडा, सील आणि कार्बनची जोडी कागदात बांधून मला देण्यात आली.

ही पुडी बांधून देण्याची पद्धत वरकरणी क्षुल्लक वाटेल. मला मात्र तीच या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. जुना भाग परत मिळाला की तो खरोखर बदलला का, हा प्रश्न उरत नाही. झीज कुठल्या बाजूने झाली हे दिसते. दुसऱ्या कुणाला दाखवता येते. कंपन्यांच्या सेवा केंद्रांत वॉरंटीच्या मुदतीत बदललेला भाग कंपनीकडे जमा करावा लागतो हे समजण्यासारखे आहे, पण पूर्ण पैसे मोजून बदललेला भागही गिऱ्हाइकाला दाखवायची तयारी नसते, तेव्हा पाणी कुठे मुरते अशी शंका येणारच.

मिक्सर हे यंत्र दुरुस्तीला इतके सोयीचे आहे यामागे थोडा इतिहासही आहे. १९६० च्या दशकात मुंबईच्या माधुरी माथुर यांच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर जळाला आणि इथे त्याची दुरुस्ती होईना, तेव्हा त्यांचे अभियंते असलेले पती सत्यप्रकाश माथुर यांनी भारतीय वाटणाला टिकेल अशी जोमदार मोटर तयार करायला घेतली. त्यातून पुढे घरोघरी पोचलेला ‘सुमीत’ मिक्सर आला. फळांचा रस काढण्यासाठी बनवलेली परदेशी यंत्रे हळद, सुके खोबरे आणि भिजवलेली डाळ यांच्यापुढे हात टेकत असत. आजही आपल्याकडच्या बहुतेक मिक्सरची रचना तशीच सरळ आहे. खालून चार स्क्रू काढले की मोटर समोर येते, कार्बन बाहेरून निघतात, कपलर हाताने सुटतो. कपलरचे आटे बऱ्याच मिक्सरमध्ये उलटे असतात, हे ठाऊक नसलेला हौशी माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावून तो आणखी घट्ट करून ठेवतो आणि मग दुकानात येतो; असे कपलर कापून काढण्याचे काम तिथे अधूनमधून चाललेले दिसते.

मालकांच्या मते मिक्सर बिघडण्यापेक्षा तो बिघडवला जाण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यांचे बोलणे कंटाळवाणे नसल्यामुळे ते ऐकून घेण्यासारखे असते. भार नसताना ही मोटर मिनिटाला अठरा ते वीस हजार फेरे घेते, आणि तिला गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असल्यामुळे मोटर अडखळत फिरू लागली की वाराही कमी पडतो. ही हवा तळाच्या खाचांतून आत येते. आवाज कमी व्हावा म्हणून मिक्सरखाली घडी घातलेला टॉवेल ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. त्या टॉवेलाने नेमक्या याच खाचा बंद होतात. बऱ्याच मिक्सरच्या तळाच्या पट्टीवर पाच मिनिटे चालवणे आणि दोन मिनिटे विश्रांती असे बारीक अक्षरांत छापलेले असते, ते सहसा कुणी वाचत नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या मिक्सरांची रांग पाहिली तर पुरण हे मिक्सरच्या मुळावर कसे उठते ते लक्षात येते. गरम, घट्ट, चिकट पुरण भांडेभर घालून यंत्र तिसऱ्या वेगावर सोडले की पाते एका जागी पोकळी करून फिरत राहते, वरचे पुरण खाली येत नाही, म्हणून आपण आणखी वेळ चालवतो. थोडे थोडे घालून झटक्याझटक्याने फिरवणे किंवा सरळ पुरणयंत्र काढणे, हा त्यांचा सल्ला आहे. पुरणयंत्राची जाळी धुवायचा कंटाळा हे मिक्सर दुरुस्तीच्या धंद्याचे एक कारण आहे, असे ते हसत सांगतात.

या दुकानाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ‘नको’ म्हणण्याची तयारी. आमच्या एका नातेवाइकांचा जुना फ्रीज गार होईनासा झाला. गॅस भरून देणारे दोघेजण दारात येऊन भाव सांगून गेले होते. या मालकांनी ओळखीच्या फ्रीजवाल्याला बरोबर घेऊन पाहणी केली, त्याने नायट्रोजनचा दाब देऊन पाहिला आणि गळती बाहेरच्या जोडांत नसून भिंतीच्या फोममध्ये गाडलेल्या नळीत आहे, असे निघाले. आताच्या बहुतेक फ्रीजमध्ये मागची काळी जाळी दिसत नाही, कारण ती नळी बाजूच्या पत्र्याला आतून चिकटवून वर फोम ओतलेला असतो. तिथे छिद्र पडले की जागच्या जागी डाग देणे शक्य नसते. गॅस भरला तर काही आठवडे फ्रीज चालेल आणि पुन्हा रिकामा होईल. “गॅस मी पण भरून दिला असता, पैसे मिळाले असते, पण गणपतीत तुम्ही परत फोन करणार,” असे सांगून त्यांनी फक्त तपासणीचे पैसे घेतले. त्याच वेळी त्यांनी एक गोष्ट नजरेस आणून दिली, जी फ्रीज विकत घेताना सगळ्यांनी वाचावी. जाहिरातीत ठळकपणे लिहिलेली कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर या एका वस्तूची असते. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचा आकार आणि कॉम्प्रेसर चालवणारे सर्किट यांचे पैसे वेगळे पडतात. शिवाय आताच्या अनेक फ्रीजमध्ये आर ६००ए हा वायू असतो, तो म्हणजे आयसोब्युटेन, आणि तो पेट घेणारा आहे. तो नीट बाहेर काढून, खिडक्या उघडून मगच नळीला ज्योत लावायची असते. स्वयंपाकघरात येऊन पाच मिनिटांत डाग मारून जाणाऱ्याला हे विचारून पाहावे.

पंखे आणि गीझर यांच्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण ती कामे तिथे चुटकीसरशी होतात. छताचा पंखा मंद झाला तर दहापैकी बहुतेक वेळा त्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उतरलेला असतो. तो किरकोळ किमतीत मिळतो आणि घरी बसवण्यासारखा आहे, असे सांगून ते गिऱ्हाइकाला पंखा न उतरवताच परत पाठवतात. गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर पाहून हे गिऱ्हाईक पेठेतले की बोअर आणि टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या उपनगरातले, हे ते न विचारता ओळखतात. मायक्रोवेव्ह ओव्हन ते घेत नाहीत. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जीव घेण्याइतका भार धरून राहू शकतो आणि दुकानातल्या गर्दीत ते काम करायचे नाही, असा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे.

जिथे घोडे पेंड खाते ती जागा म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट. आमच्या पूर्ण स्वयंचलित वॉशिंग मशीनची बटणे एके दिवशी प्रतिसाद देईनाशी झाली. कंपनीच्या दूरध्वनी केंद्रावर तक्रार नोंदवल्यावर आलेल्या तंत्रज्ञाने मशीन उघडण्याआधीच भेटीचा आकार सांगितला, पाहणी करून संपूर्ण सर्किट बदलण्याचा अंदाज दिला, जाता जाता चुना काढायची पावडर, मशीनचा स्टँड आणि वार्षिक सेवा करार या तिन्ही गोष्टी विकण्याचा प्रयत्न केला आणि काम व्हायचे असतानाच मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक मागितला. हा क्रमांक दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार समाधानकारकपणे मिटली असे दिसते. काम पूर्ण होऊन एकदा मशीन चालवून पाहिल्याशिवाय तो क्रमांक कुणीही देऊ नये. तो मागणाऱ्या तंत्रज्ञावर दिवसाअखेर तक्रारी बंद करून दाखवण्याचा दबाव असतो हे खरे असले, तरी तो दबाव आपण वाहून घेण्याचे कारण नाही.

मी ते सर्किट सोडवून या दुकानात नेले. पुतण्याला इलेक्ट्रॉनिक्सची जाण आहे; मोबाइल चार्जर, इंडक्शनची शेगडी, टीव्हीचा पॉवर सप्लाय ही कामे तो नीट करतो. वॉशिंग मशीनच्या सर्किटापुढे मात्र त्याचेही काही चालले नाही. ओलसर जागेत पाणी शिरू नये म्हणून ही सर्किटे रबरासारख्या रेझिनमध्ये बुडवून बंद केलेली असतात. त्याने कोपऱ्यातले रेझिन कटरने खरवडून एक रिले आणि एक रेग्युलेटर उघडा केला, मीटर लावला, ते दोन्ही ठीक निघाले, आणि पुढचे शोधायला सर्किटचा नकाशा नाही म्हणून त्याने ते परत केले. पैसे घेतले नाहीत. शेवटी कंपनीकडूनच पूर्ण सर्किट बदलून घ्यावे लागले, आणि त्याची किंमत पाहता नाकापेक्षा मोती जड म्हणजे काय ते कळले. बीएलडीसी, म्हणजे कार्बन नसलेल्या आणि सर्किटावर चालणाऱ्या मोटरीच्या पंख्यांचीही हीच गत आहे. साध्या पंख्याला पंचाहत्तर वॅटच्या आसपास लागतात तिथे हे पंखे तीसेक वॅटमध्ये काम भागवतात, त्यामुळे विजेच्या बिलाला ते चांगलेच. पण त्यांच्या डोक्यातले छोटे सर्किट गेले की कपॅसिटर बदलून भागत नाही. माझ्या एका पंख्याचे सर्किट पुतण्याने दुरुस्त करून दिले होते, ते पावसाळ्यात पुन्हा बंद पडले. त्याने ते पुन्हा विनामूल्य पाहिले, पण पंखा काही सुरू झाला नाही.

दोष कारागिराचा कमी आणि माहिती दडवून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा अधिक आहे, असे माझे मत आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे पुढे ठेवली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, संकेतस्थळही सुरू झाले. त्यावर कंपन्यांच्या सेवा केंद्रांचे संपर्क आणि वॉरंटीची माहिती एकत्र मिळते, ही सोय आहेच. परंतु या पुतण्याला हवा असलेला सर्किटचा नकाशा आणि एकेक सुटा भाग माफक दरात मिळण्याची हमी त्यातून त्याच्या टेबलापर्यंत पोचलेली नाही. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने वस्तूवर तिची दुरुस्तीयोग्यता दर्शवणारे गुण छापण्याची शिफारस केली. फ्रान्समध्ये असे गुण २०२१ पासून दिले जातात. आपल्याकडची शिफारस सुरुवातीला मोबाइल आणि टॅब्लेट यांच्यापुरती आहे. मला विचाराल तर तिची गरज वॉशिंग मशीनला जास्त आहे, कारण मोबाइल आपण एरवीही काही वर्षांनी बदलतो, मशीन मात्र दहा-बारा वर्षे चालावे अशा हिशेबाने घेतो. तोवर कंपनीशी तक्रार करून भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक जवळ असू द्यावा.

आता दुकानाच्या उण्या बाजू. पक्के बिल मिळत नाही. वहीच्या कागदावर रक्कम लिहून मिळते आणि हमी तोंडी असते: “तीन महिने काही झालं तर घेऊन या.” ते शब्द पाळतात हा माझा अनुभव आहे, पण नव्या गिऱ्हाइकाने त्यावर का विसंबावे, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. वेळेचे म्हणाल तर ‘उद्या’ या शब्दाचा अर्थ तिथे फार ताणून घ्यावा लागतो, आणि सणांच्या आसपास तर वस्तू पंधरा दिवस फळीवर बसून राहते. फोन सहसा उचलला जात नाही. सुटे भाग कंपनीचे की बाजारातले हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारले तर खरे सांगतात आणि दोन्हींचे दर देतात, पण हे विचारायचे असते हे ठाऊक नसलेल्याला स्वस्तातला कपलर बसवून मिळतो आणि तो वर्षभरात दात झिजून निकामी होतो.

सर्वांत जास्त खटकते ती सुरक्षेबाबतची बेफिकिरी. चाचणीच्या बोर्डावर प्लग नसलेल्या वायरींची उघडी टोके सॉकेटात खुपसून ती काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली मी पाहिली आहेत, आणि काउंटर अरुंद असल्यामुळे गिऱ्हाइकाचा हात त्यांच्यापासून वीतभर अंतरावर असतो. ग्राइंडरवर दांडा घासताना पुतण्या चश्मा लावत नाही. इस्त्रीची खराब झालेली वायर बदलताना एका गिऱ्हाइकाने स्वस्तातली मागितली म्हणून दोन तारांची वायर बसवून दिलेलीही मी पाहिली. धातूचे अंग असलेल्या वस्तूला अर्थिंगची तिसरी तार नसणे म्हणजे आतली तार सुटून अंगाला लागली की वीज वापरणाऱ्याच्या हातातून जमिनीत जाणार. मी हटकले तेव्हा मालकांनी वायर बदलून दिली, पण गिऱ्हाईक मागेल ते द्यायचे नसते, हे फ्रीजच्या बाबतीत पाळणाऱ्या माणसाला इस्त्रीच्या बाबतीतही सांगावे लागू नये. इस्त्री, गीझर, पाण्याची मोटर यांपैकी काहीही तिथून आणताना अर्थिंग मीटरवर तपासून दाखवायला सांगावे. पुतण्या कुरकुर न करता दाखवतो.

एवढे असूनही मिक्सर, इस्त्री, साधा पंखा, टेबलफॅन आणि गीझर यांच्यासाठी मी याच दुकानाची शिफारस करीन. वॉरंटीत असलेली वस्तू मात्र तिथे नेऊ नये. मालक स्वतःच ती उघडत नाहीत, खरेदीच्या पावतीवरची तारीख विचारतात आणि सेवा केंद्राकडे पाठवतात. स्वयंचलित वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह आणि आर ६००ए वायूचा फ्रीज यांच्यासाठीही दुसरीकडे पाहावे. मिक्सर नेताना सगळी भांडी झाकणांसह न्यावीत, कारण दोष बऱ्याचदा भांड्यात असतो. वस्तू पुसून न्यावी, कॉर्ड गुंडाळून न्यावी आणि भाव पक्का करण्याआधी भाग कुठला बसवणार ते विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. सकाळी दुकान उघडल्यानंतरचा पहिला तास बरा, संध्याकाळी उभे राहायला जागा नसते. गुरुवारी दुकान बंद असते, आणि होळी, गणपती, दिवाळी यांच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर मिक्सर सण उलटल्यावरच हाती येईल, असे धरून चालावे.